गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी पैशांची तयारी कशी करावी?

प्रश्न : गणवेशवाल्या ताई, अशोक चौक

नमस्कार. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि जुळे सोलापुरात ३२ लाखांचा तयार फ्लॅट घेण्याचा आमचा विचार आहे. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात नोकरीस असून त्यांचे २६ हजार रुपये दरमहा बँकेत जमा होतात. मी घरी शालेय गणवेश शिवते. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या हंगामात महिन्याला वीस-बावीस हजार मिळतात, दिवाळीनंतर कधी आठ हजारही होत नाहीत. वर्षाची सरासरी १५ हजारांची आहे, परंतु सारे पैसे रोख येतात. मुदत ठेव ४ लाख, पतसंस्थेतील पिग्मी दीड लाख आणि मार्गशीर्षात लागणारा भिशीचा एक लाखाचा नंबर, एवढी आमची पुंजी आहे. दुचाकीचा ३,१०० रुपयांचा हप्ता अजून तेरा महिने चालेल, आणि यजमान माझ्या भाऊजींच्या कर्जाला जामीन आहेत. येत्या गुढीपाडव्याला अर्ज करावा असे मनात आहे. त्यापूर्वी काय काय सावरून घ्यावे?

उत्तर : निवृत्त कर्ज अधिकारी

ताई, आपण विसार देण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले केलेत. सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापलीकडे जाऊ नयेत, असे बँका पाहतात. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो. दोघांचे उत्पन्न ग्राह्य धरले गेले तर ४१ हजारांचे निम्मे साडेवीस हजार होतात. त्यातून दुचाकीचा हप्ता वजा केल्यास सुमारे २० लाखांचे कर्ज बसते, आणि तो हप्ता नसेल तर साडेतेवीस लाखांचे. म्हणजे दुचाकीचे जेमतेम ३८ हजार रुपये उरले असताना ते तुमची साडेतीन लाखांची पात्रता अडवून बसले आहेत. ते कर्ज आधी फेडा, ना-देय दाखला घ्या आणि आरटीओच्या नोंदीतून कर्जाचा बोजा उतरवून घ्या.

सिबिलचा स्कोअर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून दिलेले गुण, ३०० ते ९०० यांमध्ये असतो आणि ७५० च्या वर असला की बोलणी सोपी जातात. संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो; तो दोघांचाही आजच काढा, कारण चुकीची नोंद दुरुस्त व्हायला वेळ लागतो. जामिनकीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. भाऊजींनी हप्ते थकवले तर त्याचा डाग यजमानांच्या अहवालावरही पडतो, आणि ही गोष्ट बहुतेकांना बँकेच्या टेबलासमोर बसल्यावरच कळते. नात्यात विचारणे अवघड वाटते हे मी जाणतो, तरीही त्यांच्याकडून खातेउतारा मागून घ्याच.

उत्तर : करसल्लागार, सात रस्ता

वरील हिशेबात ताईंचे १५ हजार धरले आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे. जे उत्पन्न कागदावर नाही ते बँकेच्या दृष्टीने नाहीच. तसे झाले तर केवळ यजमानांच्या पगारावर, दुचाकी फेडूनही, १५ लाखांच्या आसपासच कर्ज मिळेल. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांकडून बँका सहसा दोन ते तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागतात. आपले वार्षिक उत्पन्न एक लाख ८० हजार असल्याने कर भरावा लागणार नाही, पण विवरणपत्र भरायला कोणतीही आडकाठी नाही. येत्या ३१ जुलैपूर्वी पहिले भरावे आणि पुढील वर्षी दुसरे. गणवेशाचे काम देणाऱ्या कारखानदाराला मजुरी खात्यावर देण्याची विनंती करावी, लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करावी (ती विनामूल्य आहे) आणि किती डझन गणवेश, काय दराने, कोणत्या तारखेला दिले याची वही ठेवावी. भिशीचे पैसे मिळताच बँकेत भरावेत. अर्जाच्या आदल्या महिन्यात अचानक मोठी रोख रक्कम जमा झाली की तिचा उगम विचारला जातो.

उत्तर : होटगी रोडचा रहिवासी

स्वतःकडच्या रकमेविषयी थोडे लिहितो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, मात्र मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात धरली जात नाही. ३२ लाखांच्या घरासाठी या दोन्हींचे मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास लागतील. घर केवळ ताईंच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साडेतेवीस लाख कर्ज धरले तरी आपल्याला पावणेअकरा लाख उभे करावे लागतात आणि हाती साडेसहा लाख आहेत. ही तूट वैयक्तिक कर्जाने किंवा सोने गहाण ठेवून भरू नका, कारण तो हप्ताही पुन्हा पात्रतेतूनच वजा होतो. त्यापेक्षा २६ लाखांपर्यंतचे घर पाहिले तर सर्व खर्च भागून दोन लाख गाठीशी राहतील.

माझा अनुभवही सांगतो. कागद वकिलाला दाखवण्यापूर्वीच मी ५१ हजारांचा विसार दिला, आणि जागा नियमित न झालेल्या गुंठेवारीतील (रीतसर परवानगीविना पाडलेल्या छोट्या तुकड्यांतील) निघाल्याने बँकेने कर्ज नाकारले. ती रक्कम परत मिळवण्यात माझे अकरा महिने गेले.

गणवेशवाल्या ताई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी वही घेऊन हा हिशेब पुन्हा मांडला. पाडव्याचा बेत सोडून, दोन विवरणपत्रे भरून झाल्यावर पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला अर्ज करायचा आणि घर २६ लाखांपर्यंतचेच पाहायचे, असे ठरवले आहे. पिग्मीतून पैसे काढून दुचाकीचे कर्ज याच महिन्यात फेडू. कारखानदार मजुरी खात्यावर द्यायला तयार झाले आहेत. भाऊजींशी मात्र अजून बोलणे झालेले नाही. रविवारी ते जेवायला येणार आहेत, तेव्हा यजमान खातेउताऱ्याचा विषय काढतील.