मदत हवी आहे: मेलबर्नमध्ये पी-प्लेटवर मॉडिफाइड स्कायलाइन चालेल का?

मुलगा 18चा, लाल पी-प्लेट (नवीन लायसन्सवाल्यांना गाडीवर लावावी लागते ती पाटी), आणि जीव अडकलाय जपानहून आलेल्या सेकंडहँड निसान स्कायलाइन 250जीटीमध्ये. व्हिक्टोरियात (मेलबर्नचं राज्य) वजनाच्या दर टनाला 130 किलोवॉट ताकदीच्या वरची गाडी पी-प्लेटवाल्यांना बंद, ते माहितीये, हिशेब केला, मूळ गाडी त्याच्या खाली बसते. पण आधीच्या मालकाने एक्झॉस्ट, इनटेक बदललेत आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून पण केलंय, विकणारा म्हणतो ट्यून काढून देतो मग काय टेन्शन नाही (त्याला काय, गाडी खपवायचीय). इन्शुरन्सवाल्यांना विचारलं तर म्हणाले आधी कायद्यात बसते का ते बघा. दुसरी गाडी घे हे घरात सांगून झालंय, उपयोग नाही. ट्यून काढलं तरी नुसत्या एक्झॉस्ट-इनटेकमुळे इंजिन मॉडिफाइडच धरतात का, आणि इंजिनिअरचं व्हॅस सर्टिफिकेट (गाडीतले बदल नियमात बसतात असा दाखला) घेतलं तर पी-प्लेटला चालतं का?