एनएसएसच्या सत्रात लिंगभाव आणि सत्ता: ध्यानापासून सुरुवात करावी का?

पायवाट (प्रश्न)
कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) गटासाठी दोन तासांचं सत्र घ्यायचंय. मुलं-मुली मिळून २५ जण, वय १८ ते २०. लिंगभावातली (जेंडरमधली) विविधता हा विषय 'सगळ्यांना मान द्या' एवढ्यावर संपू नये, प्रत्येकाने स्वतःकडे बघावं अशी इच्छा आहे. ढोबळ आराखडा असा: आधी २० मिनिटं आडवं पडून बॉडी स्कॅन (एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याचं ध्यान), मग 'एक पाऊल पुढे'चा खेळ (विधान वाचायचं, ज्याला ते लागू त्याने एक पाऊल पुढे यायचं), शेवटी एका तृतीयपंथी पाहुण्यांची मुलाखत. क्रम बरोबर आहे का? कुठे फसेल?

गोदाकाठ
बॉडी स्कॅन काढाच. डोळे मिटून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, हे ज्याला स्वतःचं शरीर आपलं वाटत नाही त्याला जड जातं. छाती, ओटीपोट, मांड्या या टप्प्यांवर पारलिंगी व्यक्तीची (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून जिची लिंगओळख वेगळी आहे तिची) घालमेल होऊ शकते. अत्याचार सोसलेल्यांचंही तेच, आणि २५ जणांत तसं कुणीच नसेल असं धरून चालू नका. 'खोल श्वास घ्या' हेही नको. छाती सपाट दिसावी म्हणून कुणी घट्ट बाइंडर घातला असेल तर बरगड्या फुलायला जागाच नसते, दुखतं, गरगरतं.

त्याऐवजी चार मिनिटं पुरे. खुर्चीत बसून, डोळे उघडे. एक मिनिट तळपाय जमिनीला कुठे टेकलेत ते बघायचं, एक मिनिट तळहात, मग दोन मिनिटं खोलीतले आवाज. ज्याला नको असेल त्याने खिडकीबाहेर बघत बसावं, त्यासाठी परवानगी मागायची नाही, हे आधीच सांगून टाका.

त्याला जोडूनच एक प्रसंग वाचा. उदाहरणार्थ: गॅदरिंगची तालीम चाललीय. एक मुलगा लावणीवर नाचतोय. मागून कुणीतरी 'बायल्या!' ओरडतं. सगळे हसतात, तालीम घेणारे सरही हसतात. आता कागदावर तीन गोष्टी. ऐकताना शरीरात काय झालं (जबडा आवळला, कान तापले, हसू फुटलं)? मनात पहिलं वाक्य कोणतं आलं, जसंच्या तसं? आणि त्या क्षणी ते थांबवायची ताकद कोणाकडे होती?

हसू आलं असेल तर तेही लिहायचं. तिथूनच विषय उघडतो. 'समाजाने असं करू नये' असं कुणी लिहिलं तर ते मत झालं, निरीक्षण नव्हे. शांतपणे पहिल्या प्रश्नाकडे परत पाठवा. तिसऱ्या प्रश्नावर मात्र घाई करू नका. बहुतेकांचं बोट ओरडणाऱ्याकडे जातं. सरांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि 'मी पण हसलो म्हणून सरांना हसणं सोपं गेलं' इथपर्यंत यायला त्याहून जास्त.

तळटीप
वरच्याशी सहमत, फक्त आत बघण्यातच दोन तास घालवू नका. अपराधी वाटून घेतलं, डोळे ओले झाले, विषय मिटला, असं फार सहज होतं आणि कॉलेजात काहीच हलत नाही.

'एक पाऊल पुढे'मध्ये खरी अडचण वेगळी आहे. 'रात्री दहानंतर एकटं फिरताना भीती वाटत नाही त्यांनी पुढे या' असं म्हटलं की मागे उरणारे काही नवीन शिकत नाहीत. पुढे गेलेल्यांना शिकवण्यासाठी त्यांचा फळा होतो. आणि ज्याने आपली ओळख लपवलीय त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात, खोटं पाऊल किंवा सगळ्यांसमोर उघडं पडणं. खेळ घ्यायचाच असेल तर चिठ्ठीवर भूमिका द्या: नगरसेवकाचा मुलगा, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, एसटीने येणारी दलित मुलगी, हॉस्टेलवरचा पारलिंगी मुलगा, प्राचार्य. दहा-बारा विधानं, १५ मिनिटं, आणि चर्चेला त्याच्या दुप्पट वेळ. पात्राची नक्कल सुरू झाली की थांबवून 'हे पाऊल का टाकलंस?' एवढंच विचारा.

मी मात्र तो वेळ कॉलेजच्या नकाशाला देईन. हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ, स्वच्छतागृह, गणवेश, एनएसएस शिबिरात कोण कुठे झोपणार, प्रवेश अर्जावरचा लिंगाचा रकाना. चार-पाच जणांच्या गटाने यातली एकच गोष्ट उचलायची: नियम कोणी केला, कोण बदलू शकतं, करताना कोणाला विचारलं नाही? रकाना छापून घेणाऱ्या क्लार्ककडेही सत्ता असते, हे इथे लख्ख दिसतं.

शिवाय एकाला मोबाइलवर वेळ मोजायला बसवा: कोण किती बोललं, कोणाचं वाक्य कोणी तोडलं. शेवटी आकडे नुसते वाचायचे.

बाररूम
पाहुण्यांबद्दल. मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवा, प्रश्न लेखी पाठवा. शस्त्रक्रिया, जुनं नाव, 'घरच्यांनी काय केलं' हे प्रश्न बाद. त्यांच्या कामाबद्दल बोलू द्या. आणि एकच व्यक्ती सगळ्या विविधतेची प्रतिनिधी नसते: लैंगिक कल म्हणजे आकर्षण कोणाबद्दल, लिंगओळख म्हणजे मी स्वतःला कोण समजते/समजतो, आणि आंतरलिंगी असणं शरीररचनेचं, म्हणजे जन्मतःच शरीर स्त्री किंवा पुरुष या ठरावीक साच्यात न बसणं. या तिन्हींची मिसळ चर्चेत हमखास होते, म्हणून फळ्यावर लिहून ठेवा.

कायद्यातल्या तीन गोष्टी पुरतात. सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातला निकाल: लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा. ६ सप्टेंबर २०१८: प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर, म्हणजे गुन्हा नाही. आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांतली २०१६ ची दुरुस्ती: लिंग (पारलिंगी धरून) आणि लैंगिक कल यांवरून छळणं, वाळीत टाकणं हेही रॅगिंग. वरचा 'बायल्या' तिथे आणून ठेवा, वर्ग गप्प होतो. पारलिंगी व्यक्तींच्या ओळखपत्राची प्रक्रिया स्लाइडवर टाकण्याआधी ताजी अधिसूचना बघा.

पायवाट
आभार. ओळखीच्या फेरीत प्रत्येकाला सर्वनाम विचारू का?

गोदाकाठ
सक्ती नको. मराठीत 'मी आलो/आले' म्हणताच लिंग उघडं होतं, त्यामुळे अडचण सर्वनामाच्या आधीच सुरू होते. फेरीसाठी वाक्यच ठरवून द्या: 'माझं नाव अमुक, मला अमुक आवडतं.' त्यात बोलणाऱ्याचं लिंग येत नाही. तुम्ही स्वतः सगळ्यांशी 'तुम्ही'त बोला. 'तुम्ही आलात', 'तुम्ही सांगितलंत' सगळ्यांना चालतं. आणि 'मुलं-मुली मिळून' हे सूत्रसंचालनातून गाळा.

तळटीप
कागद गोळा करून मोठ्याने वाचणार असाल तर थांबा. २५ जणांत अक्षर लगेच ओळखू येतं. कागद ज्याचा त्याच्याकडे राहू दे. बोलायचं तेवढंच बोलावं.

एनएसएसच्या अहवालाला फोटो लागतात. ते सुरुवातीच्या पाच मिनिटांत, रिकाम्या फळ्यासह काढून, वेळ मोजणाऱ्याचा सोडून बाकी मोबाइल बंद करा. हजेरीपत्रकावर लिंगाचा रकाना नको. जाताना फळ्याच्या कोपऱ्यात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर असू दे, आणि सत्र संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. प्रश्न बहुधा तेव्हाच येतात.