बाळंतिणीचा चिनी महिना : पोषण की नुसती बंधनं?

मूळ धागा (हाँगकाँगहून)
लेकीला घेऊन घरी आले त्याच दिवशी शेजारच्या आजी मातीचं भांडं घेऊन दारात. काळ्या गोड व्हिनेगरात जून आल्याचे जाड तुकडे, डुकराचे पाय आणि सोललेली उकडलेली अंडी, मुरून पार तपकिरी झालेली. आलं त्यांनी मला सातवा लागल्यापासून मुरत घातलं होतं! बाळंतपणानंतरच्या महिनाभराच्या विश्रांती-पथ्याला चिनी लोक 'महिना बसणं' म्हणतात. बाळंतिणीचं शरीर 'थंड' पडतं, म्हणून आलं, तिळाचं तेल असं 'उष्ण' खायचं. आपल्या डिंक-अळीव-सुंठीसारखंच. सुन सिमियाओ हा वैद्य सातव्या शतकात सांगून गेला की आधी आहाराने उपचार करा, गुण आला नाही तरच औषध द्या. हे सगळं अंधश्रद्धा म्हणून झटकणं मला पटत नाही.

प्रतिसाद १
असहमत. पदार्थ चांगला असेल, पण सोबतच्या बंदीचं काय? 'थंड' म्हणून फळं नको, काकडी नको. बाळंतिणीला आधीच बद्धकोष्ठ, त्यात चोथा बंद. तैवानात तर तिळाच्या तेलातली कोंबडी तांदळाच्या दारूत शिजवतात. शिजवून सगळी दारू उडत नाही, उरलेली अंगावरच्या दुधात उतरते. शिवाय भर उन्हाळ्यात खिडक्या बंद, पंखा बंद. उष्माघात झाला तर?

प्रतिसाद २
तुम्हाला बरं वाटलं असेल, तर ते आल्याने, की विश्रांती मिळाली म्हणून? हाँगकाँगमध्ये बाळंतपणाची पगारी रजा २०२० च्या डिसेंबरात १० आठवड्यांवरून १४ झाली. माझ्या मते खरं पोषण त्या जादा चार आठवड्यांत आहे.

धागाकर्ती
दारू आणि बंद खिडक्यांबद्दल पूर्ण मान्य, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण फळ-भाजी सरसकट बंद नसते. त्याच आजी दूध वाढावं म्हणून पपई घातलेलं माशाचं सूप आणायच्या, पालेभाजी आलं घालून परतून द्यायच्या. व्हिनेगरमुळे हाडातलं थोडं कॅल्शियमही रश्श्यात उतरतं. दूध न पचणाऱ्या कितीतरी बायका इथे आहेत, त्यांना ते कामाचंच.

रजा हवीच, त्यावर वाद नाही. पण माझी आई साताऱ्यात, व्हिसा हातात नाही. त्या दिवसांत भांडं घेऊन दार वाजवणारं माणूस मला रजेने दिलं नसतं. महिनाभर डोकं धुवायचं नाही असाही इथे नियम. चौथ्या दिवशी मी धुणारच म्हटल्यावर आजींनी वाद घातला नाही. आल्याच्या साली घालून उकळलेलं पाणी बादलीभर आणून ठेवलं आणि केस कोरडे होईपर्यंत लेकीला मांडीवर घेऊन बसल्या.