हिरोज ३ लीग: टाउन बॅन करू, हिरो बॅन करू, की दुसरं काही?

उरलासुरला_गॉब्लिन:

आम्ही आठ जण मिळून ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या कॉम्प्युटर गेमची छोटी लीग चालवतो. जो तो एक टाउन आणि एक हिरो घेतो, आणि हिरो सैन्य घेऊन नकाशावर फिरतो, लढतो. आवृत्ती ‘शॅडो ऑफ डेथ’, म्हणजे २००० सालची. मॉड वगैरे काही नाही. नियमांची वही माझ्याकडे असते, त्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याला.

पहिल्या हंगामात सगळं मोकळं ठेवलं, तर जो तो कॉन्फ्लक्स हेच टाउन मागायला लागला. साहजिकच आहे. तिथल्या सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलच्या फिनिक्सची मूळ वाढ आठवड्याला २ (म्हणजे दोन नवे मिळतात), इतरांच्या सातव्या लेव्हलच्या युनिटची १. आणि वर वेग २१. दुसऱ्या हंगामात कॉन्फ्लक्स काढलं, तर सगळे नेक्रोपोलिसवर, म्हणजे भुताखेतांच्या टाउनवर, तुटून पडले. तेही काढू म्हटलं, तर दोघे म्हणाले, मग आम्हीही निघतो.

मग मी हिरोंच्या मागे लागलो. किर्रे बॅन (हे नाव कसं उच्चारायचं यावर आमच्यात आजही एकमत नाही), गुन्नार बॅन, इस्रा, विडोमिना, थांट सगळे बॅन. यादी दीड पान झाली. आणि परवा एकाने रॅम्पार्ट टाउनचा साधासुधा रेंजर (तिथला एक हिरो) घेऊन सामना मारला, तर हरलेला म्हणतो, "यालाही बॅन कर."

आता मला सांगा, टाउन तोलायचं की सुरुवातीचा हिरो तोलायचा? की मी उगाच डोक्याला ताप करून घेतोय?

जुनं_खोड:

ताप आहेच, पण तो तू हौसेने घेतलायस. परवाच्या रेंजरचं आधी बघू, सगळी गंमत त्यातच आहे.

हिरो दिवसाला, म्हणजे एका चालीत, किती चालणार हे सकाळी त्याच्या सैन्यातल्या सगळ्यात मंद युनिटवरून ठरतं. वेग ३ असेल तर १५०० पॉइंट, ६ असेल तर १७००. रॅम्पार्टच्या हिरोला सुरुवातीला सेंटॉर, ड्वार्फ आणि वुड एल्फ मिळतात. सेंटॉर ६, एल्फ ६, आणि ड्वार्फ ३. म्हणजे ते बुटके बरोबर घेतले की अख्खी फौज त्यांच्या चालीने चालते.

आता किर्रेचा हिशेब कर, तीही रॅम्पार्टचीच रेंजर, आणि तिची स्पेशालिटी लॉजिस्टिक्स, म्हणजे जास्त चालायचं कौशल्य. बेसिक लॉजिस्टिक्स १० टक्के, स्पेशालिटीमुळे पहिल्या लेव्हलला साडेदहा. ड्वार्फ बरोबर ठेवले तर १५०० वर साडेदहा टक्के, साधारण १६५७. आणि लॉजिस्टिक्स नसलेला साधा रेंजर, ज्याने पहिल्याच दिवशी ड्वार्फ टाउनमध्ये सोडले? दुसऱ्या दिवसापासून १७००. बॅन केलेली हिरोईन मागे, तुझा साधासुधा रेंजर पुढे!

दोन्ही जमलं, म्हणजे किर्रे घेतली आणि ड्वार्फही सोडले, तर १८७८. गवतावर एक घर चालायला १०० लागतात, म्हणजे दिवसाला जवळपास दोन घरं जास्त. आठवड्यात एखादी खाण, एखादी पेटी. तुझ्या मित्राला हिरोने नाही हरवलं, ड्वार्फनी हरवलं. त्यांना कसं बॅन करणार?

कवटीबहाद्दर:

मी नेक्रोपोलिस खेळतो, म्हणजे आरोपी मीच समजा. 😄

इस्रा आणि थांट एकाच यादीत बघून हसू आलं. इस्राची स्पेशालिटी नेक्रोमन्सी, म्हणजे लढाईत मेलेल्या शत्रूंतून सांगाडे उठवायचं कौशल्य. लेव्हलगणिक कौशल्यात ५ टक्के वाढ, आणि तिची सुरुवातच ॲडव्हान्स्ड नेक्रोमन्सीने होते, त्यामुळे पहिल्या लेव्हलला २० टक्क्यांचे २१ होतात. शंभर शत्रू मारले तर तेवढ्याच कौशल्याच्या इतर कुणालाही वीस सांगाडे मिळतील, इस्राला एकवीस. एक जास्तीचा सांगाडा घेऊन मी काय करू, पंख्याला लटकवू? पण विसाव्या लेव्हलला एक्सपर्टचे ३० टक्के तिच्या हातात ६० होतात. मग मात्र चक्रवाढ व्याज सुरू. आज उठवलेले सांगाडे उद्याची लढाई मारतात, त्यातून परवाचे उठतात.

थांटचं बरोबर उलटं. त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून ‘ॲनिमेट डेड’ आहे, म्हणजे पडलेले सांगाडे परत उभे करायचा मंत्र. माना (मंत्रशक्ती) २०, मंत्राला १५ लागतो, म्हणजे एकदाच. पण तेवढं पुरतं. लढाईत आठ सांगाडे पडले, शत्रूचा शेवटचा एक जिवंत ठेवायचा, मंत्र टाकायचा, आठच्या आठ उभे. आणि लढाई संपली तरी टिकतात. पहिल्या आठवड्यात ज्या पहारेकऱ्यांकडे इतर कुणी बघत नाही, त्यांच्यावर मी बिनधास्त जातो.

तेव्हा ३६ बाय ३६ च्या नकाशावर थांटला घाबरा, इस्राला खुशाल येऊ द्या. १४४ च्या नकाशावर दोघांची अदलाबदल करा. नकाशाचं माप न बघता केलेल्या यादीला काही अर्थ नाही.

जुनं_खोड:

हे पटलं. म्हणूनच म्हणतो, बंदी सोड आणि किंमत लाव. गो या पटावरच्या खेळात काळ्या सोंगट्यांचा खेळाडू पहिला खेळतो, त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला कोमी देतात: जपानमध्ये साडेसहा गुण, चीनमध्ये साडेसात. जपानमध्येही ती २००२ पर्यंत साडेपाच होती. त्या खेळातही आकडा एका दिवसात सापडलेला नाही.

तुमच्याकडे आकडा खेळाडूच ठरवतील. सामन्याआधी टाउन आणि हिरोच्या दोन जोड्या चिठ्ठ्यांनी काढा. जास्त सोनं बोलेल त्याला हवी ती जोडी, आणि बोलीचं सोनं समोरच्याला. नेक्रोपोलिस-थांट एवढं भारी वाटतं ना? मग बोला दोन हजार. दुसरा हिरो २५०० ला मिळतो, त्यावरून अंदाज येईलच.

उरलासुरला_गॉब्लिन:

पण सोनं द्यायचं कसं? मार्केट बांधेपर्यंत कोण थांबणार?

कवटीबहाद्दर:

मॅप एडिटर. टाइम्ड इव्हेंट (ठरल्या दिवशी आपोआप घडणारी घटना) टाक, पहिला दिवस, ज्याचा त्याचा रंग निवडून एकाला अधिक, दुसऱ्याला उणे. फक्त एडिटर उघडणाऱ्याला नकाशा दिसतो, तेव्हा तो माणूस त्या सामन्यात नसावा.

उरलासुरला_गॉब्लिन:

तीन आठवड्यांनी परत आलोय. पाच सामने झाले, सुरुवात प्रत्येकी १०,००० सोन्याने.

छोट्या नकाशावर थांट २६०० ला गेला, आणि घेणारा हरला. म्हणाला, "महाग पडला." हरल्यावर कुणी स्वतःच्या हिशेबाला दोष दिला, हे आमच्या लीगमध्ये पहिल्यांदाच झालं. विडोमिना (तिची स्पेशालिटीही इस्रासारखीच नेक्रोमन्सी) मात्र मोठ्या नकाशावरही ५०० च्या वर गेली नाही. मला वाटतं लोकांना अजून विसाव्या लेव्हलपर्यंत पोचायची खात्री नाही. कॉन्फ्लक्स परत आणलंय, पण तिथे बोली ४००० ला भिडली, तेव्हा त्याचं अजून बघतोय. दीड पानाची यादी फाडली.

मी स्वतः किर्रे घेतली, १२०० ला. जुनं खोडांचा हिशेब पाठ होता. पहिली चाल संपवली, दुसऱ्या दिवशी गावापासून बराच लांब पोचलो, आणि मग सैन्यावर क्लिक करून पाहिलं. तिसऱ्या खान्यात ड्वार्फ.