‘राऊ’नंतर इनामदारांचे काय वाचावे?

प्रश्न
ना. सं. इनामदार हे नाव मला ठाऊक झाले ते २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटामुळे. मूळ ‘राऊ’ आता कुठे वाचून झाली. पडद्यावरच्या झगमगाटापेक्षा शनिवारवाड्यातल्या घरच्या माणसांनीच केलेली कोंडी मनाला अधिक भिडली. त्यांच्या इतर कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात आणि त्यांतला इतिहास कितपत प्रमाण मानावा?

प्रतिसाद १
‘झेप’, ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’ या तिन्ही लागोपाठ वाचा. त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर आणि दुसरा बाजीराव ही शालेय पुस्तकांनी एकेका ओळीत निकालात काढलेली माणसे. त्यांची कैफियत इनामदारांनी कादंबरीभर ऐकून घेतली आहे. यशवंतरावांनी १८०२ मध्ये हडपसरला पेशव्यांचा पराभव केला, तेव्हा पुणे सोडून गेलेला आणि पुढे वसईचा तह करून बसलेला बाजीराव हाच ‘मंत्रावेगळा’चा नायक आहे, त्यामुळे एकाच्या बाजूने उभे राहिलेल्या वाचकाला पुढच्याच पुस्तकात दुसऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते.

प्रतिसाद २
माझी पसंती ‘शिकस्त’ला आहे. पानिपतावर रणांगणाचे लेखन उदंड झाले. इथे मात्र केंद्रस्थानी सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आहेत, ज्यांनी पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मान्य केला नाही.

प्रतिसाद ३
प्रमाण मानण्याविषयी थोडे सांगतो. ‘झेप’चे नायक, दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून, ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ मध्ये निसटले, हे निर्विवाद आहे. पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठीचा गंध नाही. म्हणून खिडकीखाली घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराने सुटकेचा बेत गाण्यातून कैद्याच्या कानावर घातला, अशी हकीकत कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने नोंदवली आहे. इतिहासच असा रंगतदार असल्यावर कादंबरीकाराला फार कल्पना लढवावी लागत नाही! मात्र पंढरपुरात १८१५ मध्ये झालेल्या, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनासारख्या, ज्याचा आरोप डेंगळ्यांवरच आला त्या प्रकरणात लेखकाची सहानुभूती नायकाकडे झुकणारच, हे गृहीत धरावे आणि सरदेसायांची ‘मराठी रियासत’ हाताशी ठेवावी.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. ‘झेप’पासूनच सुरुवात करतो. ‘शहेनशहा’ कधी घ्यावी?

प्रतिसाद १
सर्वांत शेवटी. औरंगजेबाला नायक करून मराठी वाचकासमोर आणणे हे धाडसच होते, आणि ते पेशवाईवरच्या कादंबऱ्या वाचून झाल्यावर अधिक जाणवते.