लॉकडाउनमध्ये विषबाधा कमी झाल्या म्हणणाऱ्यांसाठी

सिस्टर, बीड
परवा इथं एका भाऊंनी लिहिलं, "लॉकडाउनमध्ये सगळं घर डोळ्यासमोर होतं, म्हणून गोळ्या खाणं, औषध पिणं कमी झालं. दवाखाने ओस होते." ओस होते, खरंय. मी अपघात विभागातच होते. बारावीची एक पोरगी तिसऱ्या दिवशी आणली, डोळे हळदीसारखे पिवळे. कोरोनाच्या धास्तीनं तांदळाच्या डब्यात पॅरासिटामॉलच्या पट्ट्या साठवलेल्या, त्यातल्या पंचवीसेक खाल्ल्या. पहिल्या दिवशी नुसती मळमळ, म्हणून लिंबूपाणी दिलं. दवाखान्यात कोरोना लागेल, नाक्यावर पोलीस मारतील, ही भीती. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो हो! पोरगी गेली.

जालनेकर
पोस्ट माझीच. ताई, वाईट वाटलं. पण एका केसवरून काय ठरतं? एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे बघा. आत्महत्यांत विषाचा वाटा २०१९ ला २५.८ टक्के, २०२० ला २५. कमीच झाला की.

मास्तर, हिंगोली
वाटा कशातला? एकूण आत्महत्या १,३९,१२३ वरून १,५३,०५२ झाल्या. गुणाकार करा. विषाचे साधारण ३५,९०० होते, ते ३८,२०० च्या वर गेले. टक्के दाखवून माणसं झाकू नका.

शेतकरी, परभणी
गोळ्यांचं काय घेऊन बसलात? आपल्याकडं 'औषध पिला' म्हटलं की कुणी गोळी समजतं का? फवारणीचंच. सगळं बंद होतं, पण कीटकनाशकाची दुकानं मार्चअखेरच सूट देऊन उघडली. माझ्या चुलतभावाची मोसंबी झाडाखाली सडली, व्यापारी फिरकला नाही. मे महिन्यात बाजेखालची बाटली तोंडाला लावली.

कृषी केंद्रवाला
म्हणजे खापर आमच्यावर? बंद ठेवलं असतं तर खरिपाला तुम्हीच दारात बोंबलला असता. मोनोक्रोटोफॉससारखं जहाल कीटकनाशक उधारीवर कोण मागत होतं? कुलपात ठेवा म्हणून घसा कोरडा करतो, ठेवता बाजेखाली.

शेतकरी, परभणी
तोंड सांभाळून बोला. दोन खोल्यांत सहा माणसं, कुलपाचं कपाट कुठून आणायचं? एका बाटलीमागं एक जादा टिकवायला तुम्हीच लावता.

सिस्टर, बीड
भांडा, पण एक ऐका. पेशंटबरोबर बाटली आणत जा. लाजेपायी उकिरड्यावर फेकता, अन् आम्ही तोंडाच्या वासावरून अंदाज काढत बसतो. मोनोक्रोटोफॉस असेल तर अॅट्रोपिनचा उतारा आहे. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर उताराच नाही.

जालनेकर
गणित चुकलं माझं, मास्तर. पण दारू बंद होती त्या दिवसांत माझा धाकटा भाऊ शुद्धीवर जेवायला बसला, आईनं त्याला वाढलं. ते खोटं म्हणू नका.

मास्तर, हिंगोली
खोटं कोण म्हणतंय? तुमच्या भावाचं भलं झालं. पण एप्रिल २०२१ ला यवतमाळच्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जण गेले, तेही मोजा.

जालनेकर
मोजतो. 'दवाखाने ओस होते' ते वाक्य काढून टाकतो. बाकी पोस्ट राहील.

शेतकरी, परभणी
दुकानदार भाऊ, ती अर्धी बाटली अजून माझ्या मोटारीच्या खोलीत कुलपात आहे. विहिरीत ओतता येत नाही, जमिनीत पुरता येत नाही. तुमच्या दुकानात परत घेता का, तेवढं सांगा.