संध्याकाळी स्कोपमधनं सगळं पांढरं दिसतंय, मोठी काच घेऊ का?

रंकाळाकाठ:
रायफलवर ६-२४×५० स्कोप (६ ते २४ पट मोठं दाखवणारी नेमाची दुर्बीण, पुढची काच ५० मिमीची) आहे, ५० मीटरला प्रॅक्टिस करतो. सकाळी एकदम क्लिअर दिसतंय पण साडेचारनंतर ऊन समोरनं आलं की टार्गेटवर दुधाचा पडदा धरल्यासारखं होतंय, काळं वर्तुळ राखाडी दिसतंय, आणि पॉवर वाढवली की अजूनच वाईट. दुकानदार म्हणतोय ५६ ची काच घ्या. घेऊ का?

दुर्बीणवाला:
थांब भावा, पैसे घालू नको. पुढची काच मोठी घेतलीस म्हणून तिरकं ऊन आत शिरायचं थांबणार नाही. कोटिंग (चकाकी कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरनं साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, स्कोपमध्ये असे आठ-दहा पृष्ठभाग सहज असतात, म्हणजे कोटिंग नसेल तर तिसरा हिस्सा वाटेतच गेला आणि त्यातला काही आतल्या आत फिरून चित्रावर पसरतो, तोच तुझा दुधाचा पडदा. चांगल्या मल्टिकोटिंगला (असे अनेक थर) हे ४ चं दर पृष्ठभागाला अर्धा टक्क्याच्या आत येतंय. घरात ट्यूबलाइटखाली पुढची काच तिरकी धरून बघ, प्रतिबिंब हिरवट-जांभळं दिसलं तर कोटिंग आहे, पांढरंफेक दिसलं तर नाही.
दुसरं, स्कोप रायफलवरनं काढ, उजेडाकडं तोंड करून (सूर्याकडं नाही, कधीच नाही, डोळा जाईल) हातभर लांबनं मागच्या काचेत बघ. मधे उजळ गोल दिसेल, त्याच्या भोवती काळंकुट्ट पाहिजे. तिथं चकाकत असेल तर नळीच्या आतला काळा रंग नाहीतर लेन्सच्या कडा नीट काळ्या केलेल्या नाहीत.

पंचगंगेचा:
पॉवरचं मी सांगतो. ५० ला २४ नं भागलं की डोळ्यात येणारा उजेडाचा गोल जेमतेम २ मिमीचा राहतो, १२ वर ठेवलास तर ४ च्या वर. त्यात दुपारभर तापलेल्या जमिनीची हवा थरथरत असती, तीपण २४ पटीनं मोठी दिसणार, काच कितीबी भारी असूदे. आणि सध्या गुऱ्हाळांचा धूर, उसाचं पाचट पेटवलेलं, समोरनं ऊन आलं की तो सगळा धूर चमकतो. हा भाग स्कोपच्या बाहेरचा आहे.

रंकाळाकाठ:
प्रतिबिंब हिरवट आहे म्हणजे कोटिंग आहे. आज रेंजवर भावाला काचेच्या वरनं हाताची सावली धरायला लावली (रायफल रिकामी, बोल्ट उघडा), निम्मा पडदा गेला राव! पण सगळा नाही.

दुर्बीणवाला:
मग सनशेड लाव, १० सेमीची नळी पुरते. घरी करणार असशील तर आतनं काळं मखमल चिकटव, नुसता काळा कागद तिरक्या उन्हात चमकतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी मिळते तीपण चालते, पण थोडा उजेड खाते.

मावळतीचाघाट:
एक राहिलं. टॉर्च मारून आत बुरशी बघ, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या काचेला हमखास लागते, जाळ्यासारखे धागे दिसतात. आणि पुढं मॅचेसचा विचार असेल तर ध्यानात ठेव, स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ब्राँझ घेतलं ते पीप साइटवर (बारीक भोकातनं नेम धरायची साइट), त्या इव्हेंटला रायफलवर दुर्बीण चालतच नाही.

रंकाळाकाठ:
टॉर्च मारली, कडेला एका जागी बारीक धागे आहेत 😟 सनशेड उद्या करतो, साफ करायला कोल्हापुरात कोण भरवशाचा आहे का?